दुखण्याची चावी

हेमांगी आवटीच्या गुडघ्यांबद्दल सांगलीत ज्याला त्याला काहीतरी म्हणायचं होतं. शाळेतल्या मुख्याध्यापिका म्हणायच्या, "अगं, थोडं वजन उतरव, आपोआप थांबेल." शेजारच्या काकू एरंडेल चोळायला सांगायच्या. नणंद पुण्याहून खास फोन करून भात सोडायला सांगायची. आणि डॉक्टर, एक नव्हे तीन, म्हणायचे की रोज पाऊण तास चाला. आता जी बाई शाळेचा दुसरा मजला चढताना कठडा धरून पायरीगणिक "आई गं" म्हणते, तिनं पाऊण तास चालायचं कसं, हे मात्र तिघांपैकी एकालाही सुचलं नाही. चाललं की गुडघा सुजायचा, सुजला की चार दिवस बसून राहायचं, बसलं की वजन वाढायचं, वाढलं की गुडघा आणखी बोंबलायचा. वय बावन्न, वजन ब्याण्णव. वर्गात भूगोल शिकवताना पृथ्वी कशी फिरते ते ती खुर्चीत बसून सांगायची आणि मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसायचं. घरी येऊन ती रडायची, आणि रडून झालं की डब्यातली शंकरपाळी खायची. खोटं कशाला बोला, खायचीच.

मग मिरजेच्या एका दवाखान्यात तार आली.

कंपनीनं तिचं नाव 'सुगम' ठेवलं होतं, पण लोक तारच म्हणायचे. हळदीकुंकवाला बायका एकमेकींना विचारायच्या, "बसवलीस का गं तार?" आणि जिनं बसवली असेल ती साडी गुडघ्यापर्यंत वर करून दोन बारीक टाक्यांच्या खुणा दाखवायची. प्रकार तसा समजायला सोपा होता. गुडघ्याभोवती काही बारीक नसा असतात. सांध्यातलं दुखणं मेंदूपर्यंत पोचवणं एवढाच त्यांचा उद्योग. त्यांच्या शेजारी केसाएवढी तार सरकवायची आणि तिच्यातून फार वेगानं उलटसुलट होणारा अगदी क्षीण वीजप्रवाह सोडायचा. प्रवाह चालू असेपर्यंत त्या नसा गप्प. पाय हलतो, ताकद राहते, तळव्याखाली खडा आला तर कळतो, फक्त गुडघा दुखत नाही. प्रवाह थांबवला की दुखणं क्षणात जागेवर हजर. तारेच्या टोकाला तांदळाच्या दाण्याएवढा भारमापक होता. दर पावलाला गुडघ्यावर किती भार पडला ते तो फोनला कळवायचा.

"मग दिवसभर चालूच ठेवायची की," हेमांगी म्हणाली होती.

डॉक्टर नसरीन तांबोळी तिशीतल्या, समजावून सांगायची हौस असलेल्या. "तसं नाही चालत, मॅडम. दुखणं हा सांध्याचा राखणदार आहे. काही माणसांना जन्मापासून दुखणंच कळत नाही, त्यांचे सांधे तरुणपणीच मोडीत निघतात. राखणदाराला थोडा वेळच झोपवायचं. आधी रोज दोन तास. त्या वेळात तुम्ही चालायचं. वजन एक किलो उतरलं की चालताना गुडघ्यावरचा भार चारेक किलोंनी उतरतो. भार उतरेल तसे तास वाढवायचे."

"आणि चालू-बंद कुणी करायचं?"

"तुम्ही नाही." डॉक्टर हसल्या. सुरुवातीच्या चाचण्यांत चावी पेशंटच्याच हातात दिली होती म्हणे. सगळ्यांनी दिवसरात्र चालू ठेवली. कोण नाही ठेवणार? पुष्कळांचे गुडघे त्यात कायमचे गेले. तेव्हापासून चावी दुसऱ्याच्या फोनवर द्यायची पद्धत पडली. "विश्वासातलं कुणीही चालेल. बहीण, मैत्रीण, शाळेतली एखादी बाई. कुणाकडे देऊ?"

हेमांगीनं क्षणभरसुद्धा विचार केला नाही. तिचा आणि निनादचा प्रेमविवाह. ती त्याला नावानं हाक मारायची, अरेतुरे करायची, घरात तिच्या शब्दाला वजन होतं. तरी तोंडातून निघालं ते, "मिस्टरांकडे." दवाखान्यात बायका हेच म्हणतात. बाळंतपणाला म्हणतात, ऑपरेशनला म्हणतात, दाढ काढायलासुद्धा म्हणतात. डॉक्टरांनी मान डोलावली आणि बाहेर बाकावर बसलेल्या निनादला आत बोलावलं.

निनाद कुपवाडच्या एका फाउंड्रीत क्वालिटीचा साहेब होता. ओतकामातली बारीकशी फट त्याच्या नजरेतून सुटायची नाही, आणि फट असलेला माल पुढे गेला तर त्याला जेवण जायचं नाही. वाईट माणूस मुळीच नव्हता. उलट, फार चांगला होता. सगळा घोळ तिथेच आहे.

पहिले काही महिने काय वर्णावेत! पहिल्या दिवशी आमराई बागेत त्यानं फोनवर बोट ठेवलं आणि हेमांगी चालता चालता थांबलीच. "बंद झालं," ती म्हणाली. "अरे, बंद झालं!" तिनं एक चक्कर मारली, दुसरी मारली, तिसऱ्या चकरेला ती हसत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. निनाद बरोबर चालत होता. त्यानंही रुमाल काढला. नोकरीसाठी बंगळुरूला गेलेल्या मुलाला दोघांनी तिथूनच फोन लावला आणि एकाच वेळी बोलून त्याला काही कळू दिलं नाही.

वजन उतरायला लागलं. ब्लाउज आत घ्यावे लागले. दुसऱ्या मजल्यावरच्या वर्गात ती न थांबता चढून गेली तेव्हा मुलांनी टाळ्या वाजवल्या. जो तो म्हणायला लागला, "मिस्टरांनी किती मनावर घेतलंय हो तुमच्या! नशीब लागतं." आणि निनाद ऐकून लाजायचा.

मग एकदा एका बारशाला तिनं दोन वाट्या बासुंदी खाल्ली. दुसऱ्या दिवशी फोननं निनादला सुचवलं की आज तास कमी करावेत. ते ऐकायचं की नाही ते त्याच्यावर होतं. त्यानं ऐकलं.

"शिक्षा देतोयस का मला?"

"शिक्षा कसली? प्रमाण आहे ते. भार वाढला, वेळ कमी. साधं गणित."

गणित साधंच होतं. पण हळूहळू घरात एक नवीन बोलणं सुरू झालं. "आज शाळेत गॅदरिंग आहे, दोन तास जास्त देशील?" "उद्या मैत्रिणीकडे जायचंय, देशील ना?" तो विचार केल्यासारखं करायचा आणि बहुतेक वेळा द्यायचा. देताना त्याच्या चेहऱ्यावर एक समाधान पसरायचं. स्वतःचाच गुडघा, आणि मागायचा कुणाकडे, तर समोर बसून पापड मोडणाऱ्या नवऱ्याकडे! तिला स्वतःच्या आवाजाची लाज वाटायची. तरी ती मागायची, कारण न दुखण्याची चटक फार वाईट. ती एकदा लागली की माणूस काय वाटेल ते मागतं.

दोन गल्ल्या सोडून तिची आई राहायची. विजयाबाई. ऐंशी वर्षांची, डावं अंग अर्धांगानं गेलेलं, जीभ मात्र शाबूत. सकाळी कमल नावाची बाई येऊन आंघोळ-जेवण उरकून जायची. दुपारनंतर कुणी नाही. हेमांगीचा भाऊ वडोदऱ्याला. त्याचं आणि निनादचं मत पडलं होतं की आता आईला माधवनगर रस्त्यावरच्या वृद्धसेवा केंद्रात ठेवावं. तिथं उचलायला यंत्र आहे, नर्स आहे, सगळं आहे. विजयाबाईंनी एका वाक्यात निकाल लावला होता. "मला तिथं न्यायचं असेल तर आधी मरू द्या, मग न्या." त्यांचं एकच मागणं होतं. चार वाजताचा चहा त्या पलंगावर पिणार नाहीत. खिडकीपाशी खुर्चीत बसून, रस्ता बघत पिणार. तेवढं होत असेल तर घर; नाहीतर मग घर काय नि केंद्र काय.

तेवढं हेमांगी करत होती. शाळा सुटली की ती "चालायला जाते" म्हणून निघायची आणि आईकडे जायची. आईचा धड हात आपल्या मानेभोवती घ्यायचा, कमरेला मिठी घालायची, गुडघे वाकवून उचलायचं, अर्धं वळायचं आणि खुर्चीत ठेवायचं. तार नसताना हे तिला स्वप्नातही जमलं नसतं. पहिल्यांदा उचललं तेव्हा आई तिच्या कानाशी म्हणाली, "बापरे! पैलवान झालीस की."

"तू काय चिमणीएवढी."

"चव्वेचाळीस किलोची चिमणी. ठेव खाली, चहा निवतोय."

खिडकीपाशी बसून दोघी रस्त्यावरच्या लोकांची यथेच्छ टवाळी करायच्या. हेमांगीला दिवसभरात तेवढाच वेळ असा मिळायचा, जेव्हा तिच्या वजनाबद्दल कुणी बोलत नव्हतं. निनादला तिनं सांगितलं नव्हतं. तो नको म्हणणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

पण गुडघ्यातला तो दाणा इमानदार निघाला. त्याला काय कळणार, वरचा भार बासुंदीचा की आईचा? रोज चार वाजता भार एकदम मर्यादेबाहेर उसळतो, हे निनादच्या फोनवर लाल रंगात उमटायला लागलं. आधी त्याला वाटलं, मापक बिघडलाय. त्यानं दवाखान्यात विचारलं. तिथून उत्तर आलं की मापक ठीक आहे, मॅडम काहीतरी जड उचलतायत.

रात्री जेवताना त्यानं विचारलं, "चार वाजता काय उचलतेस?"

हेमांगीचा घास हातातच राहिला. "आईला."

"आपलं ठरलं होतं ना?"

"तुझं आणि दादाचं ठरलं होतं. मला नि आईला कुणी विचारलं?"

"हेमा, तुला दुखत नाही याचा अर्थ गुडघा झिजत नाही असा नाहीये. डॉक्टर काय म्हणाल्या ते विसरलीस? एवढ्या भारानं तो वर्षभरात संपेल. मग तुझंही करायचं आणि आईचंही, कोण करणार? मीच ना?"

तो खरं बोलत होता, हीच तर पंचाईत. "बघते," ती म्हणाली. त्यानं त्या "बघते"चा अर्थ होकार असा घेतला, कारण त्याला तो तसा घ्यायचा होता. आणि दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती आईकडे गेली. पुढचे दोन आठवडेही गेली. विचारलं की म्हणायची, "नाही रे, दप्तर जड होतं."

त्या दिवशी चहा करून झाला होता. कपांवर बशा झाकून तिनं खिडकीत ठेवले आणि पलंगापाशी आली. आईनं सवयीनं हात वर केला. हेमांगीनं मिठी घातली, वाकली, उचललं. आई पलंगावरून सुटली, अर्धं वळून झालं, खुर्ची दोन पावलांवर होती, आणि गुडघ्यात दुखणं आलं.

हळूहळू आलं असतं तरी चाललं असतं. ते सगळंच्या सगळं एकदम आलं, महिनोन्महिने झोपवून ठेवलेलं. तिच्या तोंडून आवाजही फुटला नाही. पाय खालून निघूनच गेला. ती एका बाजूला कोसळली आणि आई दुसऱ्या बाजूला, लुळ्या पडलेल्या डाव्या अंगावर, फरशीवर आपटली. काहीतरी मोडल्याचा आवाज हेमांगीला स्पष्ट ऐकू आला. तिला आधी वाटलं, तिचाच गुडघा. पण तो शाबूत होता.

ती सरपटत पर्सपाशी गेली. रुग्णवाहिकेला फोन लावायला मोबाइल काढला तर वर संदेश येऊन पडला होता: 'अतिभारामुळे वेदना पूर्ववत करण्यात आली आहे. कृपया भार खाली ठेवा. आपल्या सांध्याची काळजी, हीच आमची काळजी.'

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं. शुद्धीवर आल्यावर विजयाबाईंनी लेकीचा चेहरा बघितला आणि बोलायला लागल्या. जीभ अजून जड होती.

"रडतेस कशाला? तुझी काय चूक? माझंच वजन वाढलंय गं. ती कमल रोज शिरा करते, मी खाते. उद्यापासून बंद."

हेमांगी तिथून उठून बाहेर आली. निनाद व्हरांड्यात उभा होता. चेहरा पार उतरलेला. त्यानं तिला धरायला हात पुढे केला, ती मागे सरली.

"तू केलंस?"

"लाल आलं फोनवर. विचारत होता, वेदना परत द्यायची का. मी हो म्हटलं."

"मी आईला उचललंय हे तुला माहीत होतं?"

खोटं बोलणं त्याच्या स्वभावात नव्हतं. "होतं."

"फोन करता येत नव्हता? तोंड नव्हतं तुला?"

"त्या वेळी तू उचलत नाहीस. आणि उचललास तर दप्तराचं सांगतेस. मला वाटलं, दुखलं की तू तिला खाली ठेवशील. पुन्हा पलंगावर ठेवशील. एवढंच वाटलं मला, शपथ."

"ठेवलं ना," हेमांगी म्हणाली. "खालीच ठेवलं."

त्यानंतर तिनं त्याच्याशी कामापुरतंही बोलणं सोडलं. भाऊ वडोदऱ्याहून आला, "आता तरी केंद्रात ठेवू" म्हणाला आणि बहिणीची नजर बघून परतीच्या गाडीला बसला. आईला घरी आणल्यावर हेमांगीनं शाळेतून रजा घेतली, दोन साड्या पिशवीत टाकल्या आणि आईच्या घरी राहायला गेली. निनाद पिशवी उचलायला पुढे आला, तिनं ती हिसकावून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, कमल असताना, ती मिरजेला दवाखान्यात गेली. डॉक्टर तांबोळींनी सगळं ऐकलं. त्या खरोखर हादरल्या होत्या. "हातात माणूस असेल, हे आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं हो." पण तपासलं तर तार सांगितल्याप्रमाणेच वागली होती, चावी वापरणाराही नियमानंच वागला होता. गुडघा तर फारच छान होता. हेमांगीला हसू आलं, आणि ते थांबवता येईना.

"चावी काढून घ्या त्याच्याकडून."

"घेता येईल. पण नव्या माणसाला शिकवावं लागतं, तपासणी असते, तीन आठवडे तरी लागतात. तोवर एक तर चावी त्यांच्याकडेच राहील, नाहीतर तार बंद."

"बंद करायला सांगा त्याला."

तार बंद झाली, चावी मात्र त्याच्याच फोनवर राहिली. हेमांगीला वाटलं, बरं झालं, दुखू दे. माझं दुखणं मला मिळालं. पण दुखणं मिळून भागणार नव्हतं. खुबा मोडलेलं माणूस, अर्धं अंग आधीच गेलेलं; दर दोन-तीन तासांनी कुशीवर वळवलं नाही तर पाठीला जखमा होतात, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सकाळी कमल असायची. नंतर हेमांगी एकटी. पलंगाच्या कडेला गुडघा टेकवून ती आईला ओढायची, गुडघ्यातून कळ मस्तकात जायची, हात ढिले पडायचे आणि आई अर्ध्यावरून परत उताणी व्हायची. आई कण्हायची नाही. ओठ दाबून धरायची, आणि ते बघवत नव्हतं. दुसरं कुणी ठेवावं, तर विजयाबाई परक्या हाताला अंग लावू देईनात. तिसऱ्या दिवशी माकडहाडापाशी कातडी लाल झाली. चौथ्या दिवशी ती फुटली.

पाचव्या दिवशी कमलनं कळवलं की तिला ताप आहे, ती येणार नाही. हेमांगीनं एकटीनं आईला वळवायला घेतलं. पहिल्यांदा जमलं नाही. दुसऱ्यांदा आईच्या तोंडून "नको गं" निघालं. हेमांगी पलंगाची कड धरून उभी राहिली, घामानं निथळत. पुन्हा वाकायची तिची हिंमत होत नव्हती. आणि उभ्या उभ्या गुडघा दुखायचा थांबला.

कुणी विचारलं नव्हतं, कुणी सांगितलं नव्हतं. दोन गल्ल्या पलीकडे निनाद आवटी फोन घेऊन बसला असणार, फाउंड्रीतही गेला नसेल, आणि त्याच्या परीनं माफी मागत असणार. हेमांगीला हे सगळं लख्ख कळलं. तिला त्याचा संताप यायला हवा होता, आणि आलाही. पण त्याच्या आधी तिचं अंग सैल झालं, खांदे उतरले, आणि तिच्या तोंडून मोठ्यानं निघालं, "हाऽऽ, बरं वाटलं."

"काय गं?" आईनं विचारलं.

"काही नाही. हात दे."

एका दमात तिनं आईला कुशीवर वळवलं, जखम पुसली, मलम लावलं, पाठीशी उशी सारली. आईनं डोळे मिटले. खिडकीतून ऊन आत आलं होतं. आता पुन्हा अकराला वळवायचं, मग दोनला, मग पाचला. हेमांगी बराच वेळ फोनकडे बघत राहिली. मग तिनं तो उचलला.

पहिली रिंग पुरी व्हायच्या आत त्यानं घेतला. "हेमा?"

"किती वेळ ठेवणार आहेस?"

"तू सांग." तिच्यासाठी काहीतरी करता येतंय, याचा त्याला केवढा आनंद झाला होता! "तू म्हणशील तेवढा. किती देऊ?"

पलंगावर आईचा श्वास जरा संथ झाला होता.

"संध्याकाळपर्यंत दे," ती म्हणाली. आणि तो काही बोलायच्या आत, "प्लीज."